तिच्या पायाखालची वाट



यंत्राच्या मदतीनं चालायला शिकवण्याचा विषय आपल्या संपादकीयात कसा आला, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या आजारासाठी हे यंत्र वापरलं जातं, तो पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं होतो, आणि बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे नोकरी, लग्न, मुलं यांच्या ऐन धबडग्यात गाठतो. मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एम.एस. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर उलटते. मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. तोल जातो, पाय जड होतात, नजर धूसर होते. उकाड्यानं त्रास वाढतो, आणि कमालीचा थकवा येतो.

हा थकवा कुणाला दिसत नाही. अशा बाईला घरात काय ऐकावं लागतं, ते आपल्याला सांगायला नको. ‘दिसायला तर धडधाकट आहे, कामाचाच कंटाळा.’ निदान होईपर्यंत कधी कधी वर्षं जातात, आणि त्यानंतर नवाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्करोग, मेंदूतली गाठ आणि एम.एस. असलेल्या ५१५ रुग्णांच्या संसाराचं काय झालं ते पाहिलं. आजारी बाई असेल तर २०.८ टक्के जोडपी विभक्त झाली, आजारी पुरुष असेल तर फक्त २.९ टक्के. आकडे तिकडचे आहेत. आपल्याकडे माहेरी ‘विश्रांतीला’ पाठवलेल्या सुनांची मोजदाद कोण करतं?

आता यंत्राकडे वळू. स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं ‘लोकोमॅट’ हे त्यातलं प्रसिद्ध यंत्र. रुग्णाला पट्ट्यांनी वरून आधार देतात, पायांना मोटरवर चालणारा सांगाडा बांधतात, आणि खाली सरकता पट्टा असतो. पडायची भीती न बाळगता शेकडो पावलं टाकता येतात, तीही उपचारकांचे हात न दमवता. फायदा होतो, विशेषतः ज्यांचं चालणं फारच बिघडलं आहे त्यांना. पण अभ्यास हेही सांगतात, की चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून तेवढाच सराव मिळाला तर यंत्र त्याहून सरस ठरतंच असं नाही. सराव थांबला की कमावलेलं ओसरूही लागतं. म्हणजे यंत्र ही जादू नाही. खरं औषध आहे नियमित, परवडणारा, घराजवळचा सराव.

आणि नेमका तोच मिळत नाही. पवईच्या टेकडीवरच्या वस्तीतली बाई डोळ्यांसमोर आणा. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पण तिथं जायचं तर आधी टेकडी उतरायची, कांजुरमार्गला पूल चढायचा, दादरला गाडी बदलायची, महालक्ष्मीला उतरायचं. ज्या बाईचा तोल जातो, तिनं आठवड्यातून तीनदा हे कसं करायचं? सोबत कोण येणार? रिक्षा-टॅक्सीचे पैसे कोण देणार? घरात पैसा जपून वापरायचा ठरला की पहिली काटछाट तिच्याच उपचारावर होते.

याच पवईत १९५८ साली स्थापन झालेली आय.आय.टी. आहे. तिथल्या ‘बेटिक’ केंद्रात २०१४ पासून वैद्यकीय उपकरणं घडवली जातात, राज्य शासनाच्या अर्थसाहाय्यानं. केरळात मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव बनवणाऱ्या जनरोबोटिक्स कंपनीनं चालण्याच्या सरावाचं यंत्रही बनवलं, आणि २०२४ मध्ये ते तिरुवनंतपुरमच्या सरकारी रुग्णालयात बसवलं गेलं. तिथं होतं, तर घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात का नाही? आणि यंत्र येईपर्यंत तिथं पुरेसे फिजिओथेरपिस्ट का नकोत?

ही काही दयेची याचना नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं एकवीस प्रकारांत एम.एस.चा नावानिशी समावेश केला आहे, आणि जवळपास मोफत आरोग्यसेवा द्यायची जबाबदारी शासनावर टाकली आहे, उत्पन्नाच्या अटीसह. पण अनेक सवलतींसाठी दाखल्यावर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि हा आजार चढ-उताराचा. तपासणीच्या दिवशी ती चालली, तर बाकीच्या दिवसांचं कोण मोजणार?

आपण काय करू शकतो? आपल्या गटातली एखादी मैत्रीण सतत थकते, अडखळते, तर तिला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे घेऊन जाऊ. १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाशी तिची गाठ घालून देऊ. दाखल्याच्या रांगेत तिच्याबरोबर उभ्या राहू. वॉर्ड ऑफिसात आरोग्याचे प्रश्न नेताना पाणी आणि शौचालयाच्या शेजारी पुनर्वसन केंद्राची मागणीही लिहू.

आपल्या मोर्च्यांत आपण नेहमी झपाझप चालत आलो. जी मागे पडली, ती का मागे पडली, हे थांबून विचारायला आपणही शिकायला हवं.

— संपादक मंडळ