नावाचे साम्य आणि मनुष्याची ओळख

सणसर परिसरातील बागाइतदाराचे नाव आज किती दप्तरांत लिहिलेले असते, याचा आमच्या वाचकांनी क्षणभर विचार करावा. सातबारा उतारा, सोसायटीची खातेवही, भवानीनगरच्या साखर कारखान्याची सभासदयादी, बँकेचे पासबुक आणि आधारपत्र अशी पाच ठिकाणे तर सहज निघतात. मनुष्य एकच, परंतु कोठे तो ‘तुका’, कोठे ‘तुकाराम’, कोठे ‘गांवडे’, तर कोठे ‘गावडे’ असतो. यात लबाडी काहीच नाही. जुनी दप्तरे मोडीत असत व मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे. पुढे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला. रोमन लिपीत तर काळे आणि काले ही दोन्ही आडनावे एकाच प्रकारे लिहिली जातात.

पूर्वी तलाठी मनुष्य ओळखीत असे, म्हणून हे भेद फारसे बाधत नसत. सांप्रत ती ओळख पटविण्याचा पहिला अधिकार यंत्राकडे गेला आहे. १५ एप्रिल २०२५ पासून कृषि खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला असून, त्या नोंदणीत आधारवरील व सातबारावरील नाव ताडून साम्याचे गुण दिले जातात. हे गुण मोजण्याच्या ज्या पद्धती जगात रूढ आहेत, त्यांतील दोन प्रमुख पद्धती शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली पद्धत उच्चाराची. अमेरिकेत रसेल व ओडेल यांनी १९१८ व १९२२ साली तिची स्वामित्वपत्रे मिळविली. तीस साउंडेक्स म्हणतात. नावाचे पहिले अक्षर कायम ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यावयाचा, अशी तिची रीत. लक्ष्मी हे नाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात. तरी या पद्धतीत दोहोंचा संकेत एकच येतो, हा तिचा गुण. परंतु शिंदे आणि शेंडे यांचाही संकेत एकच येतो! उलट, वाघ हे आडनाव कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. तेवढ्याने एकाच घराचे दोन संकेत होतात.

दुसरी पद्धत रशियन गणिती लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यास किती चिन्हे घालावी, गाळावी वा बदलावी लागतात, ते मोजावयाचे. ‘रामा’चा ‘शामा’ करण्यास एकच अक्षर बदलावे लागते. ‘तुका’चा ‘तुकाराम’ करण्यास तीन चिन्हे वाढवावी लागतात. म्हणजे या मापाने दोन सख्खे भाऊ जवळ आणि एकच मनुष्य स्वतःपासून दूर! बांधाला बांध असलेल्या भावांच्या खात्यांत याचा अर्थ काय होईल, हे वाचकांस सांगावयास नको.

यंत्र नकोच, असे आमचे म्हणणे नाही. लाखो नावे हाताने ताडणे अशक्य आहे आणि अक्षरशः समान नावच ग्राह्य धरले, तर आजच्याहून अधिक लोक बाहेर राहतील. बनावट लाभार्थी गाळले पाहिजेत, हेही आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप गुणांना नसून गुणांवरूनच निकाल देण्याला आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात १८८० च्या खानेसुमारीतील नावे साउंडेक्सने लावली गेली, ती वृद्धांस वयाचा पुरावा मिळून निर्वाहवेतनाचा हक्क शाबीत करता यावा म्हणून. संकेत केवळ योग्य खणापर्यंत नेई. खणातील पत्रे वाचून मनुष्य ओळखण्याचे काम माणूसच करी. हीच या विद्येची योग्य मर्यादा होय.

म्हणून आमच्या सूचना तीन. गुण कमी पडले म्हणून अर्ज नाकारू नये. तो चौकशीस घ्यावा आणि कोणत्या अक्षरामुळे अडला, ते अर्जदारास लेखी कळवावे. गुण भरपूर पडले तरी वडिलांचे नाव व गट क्रमांक पाहिल्यावाचून ओळख मानू नये. आणि मराठी नावांसाठी मराठीचेच नियम करावेत. श-ष-स, ळ-ल, ऱ्हस्वदीर्घ आणि ‘राव’, ‘बाई’ यांसारखे आदरप्रत्यय यांचा त्यात विचार असावा.

आपल्या बाजूचे कर्तव्यही आपण विसरता कामा नये. प्रत्येकाने आपला उतारा व आधारपत्र शेजारी ठेवून एकदा वाचावे. लेखनप्रमाद आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीचा अर्ज करावा. आजोबांच्या नावे राहिलेल्या खात्याची वारसनोंद मात्र आजच हाती घ्यावी. कारण मृताचे नाव जिवंताच्या नावाशी जुळविणारी पद्धत कोणत्याच यंत्रात नाही, आणि नसावीही.