चालते आहे, तोवर चालू द्यावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणकीय कार्यप्रणालीचे, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमचे, नियमित पाठबळ थांबवले. त्यामुळे कोणाचा संगणक बंद पडला नाही. आदल्या दिवशी चालू असलेली यंत्रे दुसऱ्या दिवशीही सुरू झाली, पत्रे टंकलिखित झाली, हिशेब जुळले, छपाईही झाली. ‘स्टॅटकाउंटर’च्या नोंदींनुसार जगातील विंडोज संगणकांपैकी सुमारे ४० टक्के संगणक त्या सुमारास याच प्रणालीवर चालत होते. त्यांच्या मालकांपुढे उभा राहिलेला प्रश्न जुनाच आहे. जे विनातक्रार चालते आहे, ते केवळ उत्पादकाने तारीख ठरवली म्हणून का टाकून द्यायचे?

या प्रश्नाला ‘नवे ते चांगले’ असे उत्तर देणे सोपे आहे आणि ‘जुने ते सोने’ असे म्हणणे त्याहून सोपे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव या दोन्ही उत्तरांना पुरता दुजोरा देत नाही.

एक्सपीचा वारसा

जुन्या प्रणालीला चिकटून राहण्याची सवय जगाला लावली ती ‘विंडोज एक्सपी’ने. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली ही प्रणाली घरगुती आणि कार्यालयीन अशा दोन्ही संगणकांवर स्थिरावली. तिच्यानंतरची ‘व्हिस्टा’ जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आली. मधल्या पाच वर्षांत कारकुनांपासून संशोधकांपर्यंत सर्वांचे हात एक्सपीवर बसले होते. व्हिस्टाला अधिक स्मृती आणि अधिक वेगवान यंत्र लागत होते. अनेक जुने प्रिंटर आणि स्कॅनर तिच्याशी बोलेनात. परिणामी अनेक कंपन्यांनी व्हिस्टाला वळसा घालून थेट ऑक्टोबर २००९ मधील ‘विंडोज ७’ची वाट पाहिली. थांबणारे त्या वेळी शहाणे ठरले, आणि ‘पहिली आवृत्ती घेऊ नये’ हा धडा सर्वांनी गाठीशी बांधला.

तथापि थांबण्यालाही मर्यादा असते. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचे पाठबळ संपले, तेव्हाही जगातील एक चतुर्थांशाहून अधिक संगणकांवर तीच प्रणाली होती. ब्रिटिश सरकारने आपल्या कार्यालयांसाठी एक वर्षाचे खास पाठबळ मिळावे म्हणून ५५ लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजली. अमेरिकी नौदलानेही २०१५ मध्ये अशाच सेवेसाठी ९१ लाख डॉलरचा करार केला. तारीख सात वर्षे आधीपासून ठाऊक असूनही ज्यांनी तयारी केली नाही, त्यांनी विलंबाची किंमत रोखीने चुकती केली.

पाठबळ संपते म्हणजे काय?

कार्यप्रणाली ही कोट्यवधी ओळींची संहिता असते आणि तिच्यातील सर्व दोष पहिल्याच दिवशी सापडत नाहीत. ते वर्षानुवर्षे सापडत राहतात आणि दर महिन्याला त्यांवर दुरुस्त्या, म्हणजे ‘पॅच’, दिल्या जातात. पाठबळ संपल्यावर दोष सापडणे थांबत नाही, थांबते ती केवळ दुरुस्ती.

त्यातही एक मेख आहे. नवी प्रणाली बहुधा जुनीच्याच पायावर उभी असते. त्यामुळे नव्या प्रणालीत दुरुस्त झालेला दोष जुनीतही असण्याची शक्यता मोठी. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की हल्लेखोर तिचा अभ्यास करून मूळ भगदाड कुठे होते हे शोधतात. नव्या घराचे बुजवलेले भोक जुन्या घराचा पत्ता सांगते. म्हणून पाठबळ संपलेली प्रणाली होती तेवढीच सुरक्षित राहत नाही, दर महिन्याला ती थोडी अधिक उघडी पडते.

२०१७चा धडा

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० विश्वस्त संस्थांना त्याचा फटका बसला आणि अंदाजे १९ हजार रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या वेळी सर्वत्र दोष गेला तो एक्सपीच्या नावावर. मात्र ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालातून वेगळेच चित्र पुढे आले. आरोग्य सेवेतील बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रांवर ‘विंडोज ७’ होती, म्हणजे तेव्हा पाठबळ असलेली प्रणाली! आवश्यक ती दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच प्रसिद्ध केली होती. दोन महिने ती कोणी बसवलीच नाही.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. नवी प्रणाली विकत घेऊन तिच्या दुरुस्त्या न बसवणारा हा जुनी प्रणाली वापरणाऱ्याइतकाच असुरक्षित असतो. दुसरीकडे, हल्ल्याची व्याप्ती पाहून मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीही तातडीने मोफत दुरुस्ती दिली. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हाही तसेच घडले. पण या अपवादांवर विसंबून राहणे म्हणजे आग लागल्यावर शेजारी बादली घेऊन धावेलच, असे गृहीत धरणे होय.

वॉनाक्रायनंतर सहाच आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्गे तो पसरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे जगभरातील कामकाज त्याने ठप्प केले. त्याची झळ थेट न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराला पोचली. मर्स्क समूहामार्फत चालवल्या जाणाऱ्या तेथील टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले. हा विषाणू एका दुबळ्या यंत्रात शिरून तेथील परवलीचे शब्द चोरत असे आणि त्यांच्या आधारे दुरुस्त केलेल्या यंत्रांतही घुसत असे. एकाच जाळ्यातील दहा संगणकांपैकी नऊ अद्ययावत असून भागत नाही, ते यामुळे.

भारतातील बँकांनाही ही गोष्ट सांगावी लागली. एक्सपीवर चालणाऱ्या एटीएमबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये चिंता व्यक्त केली होती. बँका ढिम्मच राहिल्या, तेव्हा जून २०१८ मध्ये टप्प्यांचे वेळापत्रक घालून देण्यात आले. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान एक चतुर्थांश आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम पाठबळ असलेल्या प्रणालीवर आणावीत, असे ते वेळापत्रक होते. लोकांचा पैसा ज्या यंत्रात असतो, त्याच्या बाबतीतही ‘चालते आहे ना’ हा युक्तिवाद सक्तीविना सुटला नाही.

नव्याचेही चटके

याचा अर्थ अद्ययावत होणे निर्धोक आहे, असा नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला ‘विंडोज १०’चा मोठा बदल काही ग्राहकांच्या फायली पुसून टाकत असल्याचे आढळल्याने मायक्रोसॉफ्टला तो मागे घ्यावा लागला. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. सुरक्षेसाठी आलेल्या बदलानेच कामकाज ठप्प झाल्याचे पाहिल्यावर सावधपणे थांबणाऱ्याला केवळ आळशी ठरवता येत नाही.

शिवाय जुन्या यंत्रात पुष्कळदा असे काही अडकलेले असते, जे नव्यात नेता येत नाही. मराठी अक्षरजुळणीचा व्यवसाय हे याचे बोलके उदाहरण. निमंत्रणपत्रिका, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंक यांची जुळणी करणाऱ्या कित्येक छोट्या छापखान्यांची घडी ‘पेजमेकर’वर बसली. या सॉफ्टवेअरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये आली, पुढे ‘अडोबी’ने सारा भर ‘इनडिझाइन’वर दिला. जुने मराठी फॉण्ट युनिकोडच्या आधीचे होते. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे ‘लॉक’ लावावे लागे. तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठी मजकुराऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, पण जोडाक्षरांत आणि रफारांत चुका राहतात आणि पुन्हा मुद्रितशोधनाचा खर्च येतो. अशा ठिकाणी कोपऱ्यातील जुना संगणक वीस-पंचवीस वर्षांच्या कामाची एकमेव किल्ली असतो.

भुर्दंड कोणाचा?

‘विंडोज ११’ने या वादाला आणखी एक धार दिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीसाठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर आवश्यक ठरवण्यात आला. इंटेलच्या बाबतीत ही रेषा ढोबळमानाने आठव्या पिढीवर आखली गेली. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक उत्तम स्थितीत असूनही अधिकृतपणे अपात्र ठरले. ‘कॅनालिस’ या बाजार संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तवला होता, की या निर्णयापायी सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. चिपमुळे सुरक्षा वाढते, हे खरे. परंतु यंत्राचे आयुष्य उत्पादकाने ठरवायचे आणि ते लवकर संपल्याचा भुर्दंड ग्राहकाने व पर्यावरणाने सोसायचा, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

वाढीव पाठबळाची व्यवस्थाही सर्वांना सारखी नव्हती. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत देताना ३० डॉलर किंवा आपल्या संगणकाच्या मांडणीची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सेवेत ठेवणे, असे पर्याय ठेवण्यात आले. व्यवसायांना पहिल्या वर्षी प्रतियंत्र ६१ डॉलर आणि नंतर दरवर्षी दुप्पट, असा दर लागला. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवताच तेथील घरगुती ग्राहकांसाठी अटी सैल झाल्या. ही सवलत युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरतीच होती, भारतीय ग्राहक तिच्या बाहेर राहिला. जेथे ग्राहक संघटित असतो, तेथे तारखाही वाकतात, एवढा बोध यातून घेण्यासारखा आहे.

प्रश्न जोडणीचा

मग जुनी प्रणाली ठेवावी की सोडावी? निर्णयाची कसोटी प्रणालीच्या वयात शोधण्यापेक्षा तिच्या जोडणीत शोधणे अधिक शहाणपणाचे. अमेरिकी हवाई दलाच्या अण्वस्त्र-संदेश यंत्रणेत आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत वापरात होत्या. बाहेरच्या जाळ्याशी तिचा संबंधच नसल्याने दुरून कोणी तिच्यात शिरण्याची भीती नव्हती. अर्थात एकांतवासही अभेद्य नसतो. इराणच्या नतान्झ येथील अणुकेंद्राची यंत्रणा इंटरनेटपासून अलग होती, तरीही २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ तेथे पोचला होता. असा विषाणू पेनड्राइव्हवरूनही प्रवास करतो आणि आपल्याकडच्या छापखान्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत पेनड्राइव्ह तर दिवसभर या हातातून त्या हातात फिरत असतात.

त्यामुळे बँकेचे व्यवहार, ईमेल, रुग्णांच्या अथवा ग्राहकांच्या नोंदी ज्या संगणकावर आहेत, त्याला पाठबळ असलेली प्रणाली आणि वेळच्या वेळी दुरुस्त्या हव्यातच. ‘विंडोज ११’ बसत नसेल, तर लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली बऱ्याच जुन्या यंत्रांना आणखी काही वर्षे सुरक्षितपणे चालवू शकतात. केरळच्या शाळांनी हा मार्ग फार पूर्वी धरला आणि निभावूनही नेला. जुन्या सॉफ्टवेअरसाठीच राखलेला संगणक मात्र इंटरनेटपासून तोडून, त्यातील मजकुराच्या दोन प्रती वेगळ्या ठेवून खुशाल वापरावा. पण त्याच वेळी संग्रह युनिकोडमध्ये आणण्याचे काम थोडे थोडे सुरू करावे, कारण प्रणाली टिकली तरी हार्ड डिस्क कायम टिकत नाही.

या सर्वांत महाग पडते ती कोणताही निर्णय न घेण्याची सवय. एक्सपीसाठी लाखो पौंड मोजणारे सरकार काय, दुरुस्ती हाती असून दोन महिने न बसवणारी रुग्णालये काय, त्यांनी जुन्याची निवड विचारपूर्वक केलेली नव्हती. त्यांच्याकडून ते राहून गेले होते. जुना संगणक ठेवण्यात काही गैर नाही. तो का ठेवला आहे, कशाला जोडला आहे आणि बिघडला तर कोण निस्तरणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मालकापाशी तयार हवीत. ती नसतील, तर ‘चालते आहे’ या दोन शब्दांवर भिस्त ठेवून कारभार फार काळ चालत नाही.