चौकट आणि सीमोल्लंघन

खंडेनवमीला आपण घरातली अवजारे पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचे फूल वाहतो. आजोबांच्या काळी त्या पाटावर कोयता, पकड आणि शिवणकामाची कात्री असे. वडिलांच्या काळी त्यांच्या शेजारी टाइपरायटर आणि स्कूटरची किल्ली आली. आणि आता कितीतरी वर्षे संगणकही त्याच मानाने फूल घेतो आहे. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. चंडीगडात राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना ते सोपे, कारण थोडा वेळ गाडी चालवली की एका बाजूला मोहाली, म्हणजे पंजाब, आणि दुसऱ्या बाजूला पंचकुला, म्हणजे हरियाणा. अवघड असते ते सोने मिळवणे. इथे आपटा सहज सापडत नाही, म्हणून आपण कचनाराची चार पाने खुडून आणतो. आपला कांचन तो हाच. आपट्याच्याच कुळातला, तसेच दोन पाळ्यांचे पान असलेला, आणि नावातच सोने बाळगणारा. ते पान वडीलधाऱ्यांच्या हातात देऊन वाकताना आपल्याला कधी उणे वाटले नाही. झाड बदलले, पण पान देण्याघेण्याची रीत होती तशीच राहिली, आणि तिच्या आधारावरच परक्या मुलखात आपला दसरा दसरा राहिला.

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, या शहराचा जन्मदिवस. १९५३ साली याच तारखेला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी चंडीगडचे उद्घाटन केले. आणि पुढच्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबरला, आपल्यापैकी अनेकांच्या पाटावर फूल घेणाऱ्या संगणकाची मुदत संपली. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्टने त्या दिवसापासून नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या पाठवणे थांबवले. तीन तारखा एका पंधरवड्यात याव्यात, तर थोडे थांबून हिशेब मांडायला हवा. जे टिकवायचे ते काय, आणि जे बदलायचे ते कोणत्या वेगाने, हा प्रश्न या तिन्ही तारखांच्या पोटात आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. पत्र लिहिणारा प्रोग्रॅम, हिशेबाची वही, छपाईयंत्र, पडदा आणि कळफलक या सगळ्यांच्या खाली ती असते, प्रत्येकाला जागा देते, वेळ वाटून देते, एकाचा पाय दुसऱ्यात अडकू देत नाही. घराच्या जोत्यासारखी ती गोष्ट आहे. जोते हलले की भिंतीवरच्या तसबिरीसुद्धा तिरक्या होतात. म्हणून ती रचणाऱ्यांमध्ये एक जुना, गंभीर वाद आहे. जोते वर्षानुवर्षे हलवूच नये, की रोज थोडे थोडे सुधारत राहावे?

पहिल्या वाटेचे सर्वांत निष्ठावान वारकरी कोणी असतील तर ते डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमचे. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मरडॉक या तरुणाने सुरू केलेला हा प्रकल्प आजही जगभरचे स्वयंसेवक चालवतात. त्याच्या ‘स्टेबल’ आवृत्तीत एकदा जे ठरले ते ठरले. तिच्या आयुष्यात सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येतात, नवी नवलाई येत नाही. साधारण दोन वर्षांनी पुढची आवृत्ती, आणि ती वापरणाऱ्याला सुमारे पाच वर्षांचा निर्धास्तपणा. ९ ऑगस्ट २०२५ला तेरावी आवृत्ती आली. आपल्या देशात सी-डॅकने घडवलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली याच डेबियनच्या जोत्यावर उभी आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या त्या संस्थेच्या चेन्नई केंद्रातून ती २००७ साली बाहेर पडली. दुसऱ्या वाटेवर आर्च लिनक्ससारख्या प्रणाली आहेत. तिथे आवृत्ती हा शब्दच नाही. नदीसारखे रोज नवे पाणी येते, आणि एकदा बसवलेले यंत्र तुकड्या-तुकड्याने सतत नवे होत जाते.

या दोन वाटांना आपण सहज एकमेकींच्या वैरिणी ठरवतो, पण डेबियनच्या घरात डोकावले की वेगळे चित्र दिसते. तिथे ‘स्टेबल’च्या मागे ‘टेस्टिंग’ आहे, आणि तिच्याही मागे ‘अनस्टेबल’. तिचे कायमचे नाव सिड. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या, खेळणी मोडणाऱ्या मुलाचे. नवा प्रत्येक प्रोग्रॅम आधी या सिडच्या अंगणात येतो, तिथे पडतो, मोडतो, दुरुस्त होतो. टिकला तर टेस्टिंगमध्ये जातो, आणि पुढची आवृत्ती निघताना स्टेबलमध्ये. म्हणजे ज्या स्थैर्याच्या भरवशावर कोणी आपला दवाखाना किंवा दुकान चालवतो, ते स्थैर्य रोज पडझड सोसणाऱ्या कुणाच्या तरी यंत्रावर आधी कमावलेले असते. दसऱ्याला वेशीबाहेर सगळे गाव जाते, पण खऱ्या अर्थाने सीमा ओलांडणारे थोडेच असतात. त्यांनी आणलेले सोने मग घराघरात वाटले जाते. आणि सीमोल्लंघनाच्या रीतीत परत येणेही आहे, हे आपण विसरू नये. परतणाऱ्याला दारात ओवाळतात. जो गेला आणि आलाच नाही, त्याचे सोने घरात कसे पोचणार?

डेबियन आणि आर्च या दोन्हींच्या खाली असलेल्या लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, नियम तर याहून विचार करण्याजोगा आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ जातीच्या आपल्या संगणकावर तो लिहायला घेतला. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते, आणि आतली रचना इतकी बदलते की आतल्या जोडण्या स्थिर ठेवण्याचे वचनच तिथे दिलेले नाही. पण बाहेरचे वचन लोखंडी आहे. कर्नलवर चालणारा वापरकर्त्याचा प्रोग्रॅम मोडायचा नाही. काल चालत होता आणि आज कर्नलच्या बदलामुळे अडला, तर दोष कर्नलचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चूक दाखवून सुटका नाही. आत अखंड धावपळ, बाहेर शब्द पाळलेला. आणि यात भाबडेपणा अजिबात नाही, कारण ज्या ३८६ वर सारे सुरू झाले त्याचाच आधार पुढे, २०१३च्या आरंभी आलेल्या आवृत्तीतून, काढून टाकण्यात आला. जन्मखोलीवरचे प्रेम वेगळे आणि तिथे राहणाऱ्यांना दिलेला शब्द वेगळा, एवढे त्या माणसांना कळले होते.

हेच शहाणपण आपल्या पायाखालच्या या शहरात सिमेंट-विटांत उभे आहे. ल कार्बुझिए, पिअर जान्नरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुकारांनी चंडीगड आखले तेव्हा सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असे सेक्टर पाडले, आणि रस्त्यांच्या सात श्रेणी ठरवल्या. लहान भूखंडांवरच्या घरांसाठी त्यांनी एक नियम केला, त्याला इथे ‘फ्रेम कंट्रोल’ म्हणतात. दर्शनी बाजूच्या दोन भिंती, त्यांवरची आडवी पट्टी आणि उंची ठरलेली. त्या चौकटीच्या आत दार कुठे, खिडकी केवढी, जाळी कशाची, हे ज्याचे त्याने पाहावे. जुन्या सेक्टरांतल्या गल्लीतून संध्याकाळी चालत जावे. एका चौकटीत फाळणीनंतर आलेल्या कुटुंबाची तिसरी पिढी आहे, दुसरीत शिकवणी चालते, तिसरीत नवे संगमरवर बसले आहे. गल्ली मात्र एकाच माणसाने लिहिलेल्या ओळीसारखी सलग दिसते. आतला बदल थोपवून ही शिस्त टिकलेली नाही. सगळ्यांनी मिळून नेमके काय बदलायचे नाही, ते आधी ठरले म्हणून ती टिकली.

अर्थात चौकट ताणली जाते. पाच लाख लोकवस्तीसाठी कल्पिलेल्या या शहरात २०११च्या जनगणनेनेच साडेदहा लाखांवर माणसे मोजली. जुन्या घरांचे मजल्या-मजल्याने तुकडे करून विकणे इतके वाढले की १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आधी वसलेल्या, पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांमध्ये ते थांबवावे लागले. वारसा राखायलाच हवा. पण ज्या तरुण जोडप्याला या शहरात दोन खोल्या परवडत नाहीत, त्यालाही या चौकटीत कुठे तरी जागा काढून देण्याचे कर्तव्य शिल्लक राहते, आणि ते अजून कोणी नीट पार पाडलेले नाही.

पुन्हा पाटावरच्या संगणकाकडे येऊ. विंडोज १० आली त्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने एका परिषदेत ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले होते. यापुढे तीच हळूहळू नवी होत जाईल, अशी ती कल्पना. कल्पना चांगली होती. पण वर्षातून दोनदा मोठे बदल ढकलण्याच्या घाईत ऑक्टोबर २०१८ची सुधारणा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच ती पुसून टाकत होती. मग ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली, आणि तिने टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठराविक प्रोसेसर असलेलीच यंत्रे आपली मानली. सुरक्षेचा युक्तिवाद खोटा नाही. तरीही उत्तम चालणारे, डाग नसलेले, घरातल्या मुलाने ज्यावर पहिले अक्षर टंकले ते यंत्र केवळ वरची प्रणाली त्याला ओळख देत नाही म्हणून भंगारात निघावे, हे आपल्या मनाला पटत नाही, आणि पटू नये. एका वर्षाची वाढीव सुरक्षा नोंदणी करून मिळण्याची सोय तेव्हा दिली गेली. पण त्यानंतर त्या यंत्राचे काय करायचे, ते आजच ठरवायला हवे.

भंगार या शब्दाशी चंडीगडची एक दुखरी आठवण जोडलेली आहे. जान्नरे यांनी इथल्या कचेऱ्यांसाठी सागवानाच्या आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या होत्या. जुन्या झाल्या म्हणून त्या गच्च्यांवर रचल्या गेल्या, उन्हापावसात पडून राहिल्या, कवडीमोलाने लिलावात गेल्या. पुढे त्याच खुर्च्या युरोपातल्या लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या गेल्याचे आपण वर्तमानपत्रांतून वाचले. बैठक मोडलेली नव्हती, तिच्याकडे पाहणारी आपली नजर थकली होती.

आणि याहून जवळची आठवण आपण इथली मराठी माणसे काढतो त्या छोट्या वार्षिक अंकाची आहे. त्याचे जुने अंक ज्या काळात टंकले गेले, तेव्हा मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. तो फाँट असलेला संगणक गेला, की फायलीतले संपादकीय उघडताच रोमन चिन्हांचा पाऊस पडतो. मजकूर हरवलेला नसतो. तो वाचण्याचा करार हरवलेला असतो. युनिकोड या मानकाने तो करार जगाशी केला. ‘म’ला २३५० हा क्रमांक मिळाला, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा हलवायचा नाही, काढूनही घ्यायचा नाही, अशी शपथ त्या मानकाने घेतली आहे. दरवर्षी नवी अक्षरे येतात, नव्या लिप्या येतात, पण ‘म’ जागचा हलत नाही. आपली भाषा यंत्रांमध्ये निर्धास्त नांदते आहे ती या एका शब्दावर.

स्थैर्य म्हणजे आळस नव्हे, हे सांगायला एक तारीख पुरे. युनिक्सच्या परंपरेतली यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. जुन्या बत्तीस बिटी मोजणीत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ हा शेवटचा आकडा. तो १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. त्यापुढे जुन्या यंत्राला आपण १९०१ सालात आहोत असे वाटू लागेल. डेबियनने, त्या संथ, सावध डेबियनने, २०२५च्या आवृत्तीत बत्तीस बिटी यंत्रांपैकी बहुतेकांसाठी वेळेची ही मोजणी चौसष्ट बिटांवर नेली. हजारो प्रोग्रॅम नव्याने बांधले. वापरणाऱ्याला पडद्यावर काहीच वेगळे दिसणार नाही. तेरा वर्षे आधी घातलेला हा बांध आहे.

तेव्हा यंदाच्या पाटावर त्या जुन्या संगणकालाही नेहमीसारखेच फूल आणि कचनाराचे एक पान मिळेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला सकाळी, आपल्यातली दोन तरुण मुले त्यावर डेबियन बसवून देणार आहेत. ज्यांच्या घरी असे यंत्र टाकायला काढले असेल त्यांनी तेही घेऊन यावे. पहिले काम जुन्या अंकांच्या फायली एकेक करून युनिकोडमध्ये आणण्याचे. आरंभ दसऱ्याच्याच एका अंकापासून करायचा आहे. त्याच्या पहिल्या ओळीत ‘दसऱ्याच्या’ हा शब्द आहे, आणि त्यातला आपला तो मराठी र नीट उतरतो की नाही, ते सर्वांत आधी पाहायचे आहे.