स्पार्क म्हणजे जादूची कांडी नव्हे!

हडूपवरचा जुना मॅपरिड्यूस कोड स्पार्कवर न्यायचं ठरलं की मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सगळं मेमरीत चालतं, शंभरपट फास्ट होईल." काहीतरीच काय!

२०१४ साली स्पार्कने १०० टेराबाइट डेटा २०६ मशीनवर २३ मिनिटांत सॉर्ट केला. हडूपचा २०१३चा विक्रम होता २१०० मशीन, ७२ मिनिटं. जबरदस्तच! पण हे सॉर्टिंग डिस्कवरच झालं, मेमरीतल्या कॅशची मदत न घेता. म्हणजे करामत रॅमची नाही, शफलवर घेतलेल्या मेहनतीची. एकदाच वाचायच्या डेटाला कॅशचा उपयोग तरी काय?

आणि आपण काय करतो? जुना रिड्यूसर उचलून ग्रुपबायकीमध्ये कोंबतो. तो सगळ्या व्हॅल्यूज नेटवर्कवरून ढकलत बसतो. रिड्यूसबायकी प्रत्येक मशीनवर आधी बेरीज करतो, मग पाठवतो. जुन्या कोडातला कंबायनर हेच तर करत होता! तो गाळायचा, जॉब रखडला की शिव्या मात्र स्पार्कला.

माझं स्पष्ट मत आहे: जुन्या कोडातल्या विचित्र 'इफ'ना हसू नका. सोडून गेलेल्या लोकांचं धंद्याचं ज्ञान तिथेच पुरलेलं असतं. दोन्ही जॉब महिनाभर शेजारी शेजारी चालवा, आउटपुट ओळ न् ओळ ताडून बघा, मगच जुना बंद करा.

मॅनेजर विचारेल, दुप्पट मशीनचा खर्च कोण देणार? त्याला विचारा, ग्राहकाला चुकीचं बिल गेलं तर ते कोण निस्तरणार?