आधी डिग्री घे, मग काय ते कर

नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवते. २०१९च्या एप्रिलात बास्केटबॉल संघातला एक मुलगा माझ्या खोलीत आला. उंची सहा फूट नऊ इंच. खुर्चीत बसला तर गुडघे टेबलाला लागायला लागले, म्हणून तिरका बसला. डाव्या गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, तिचं पाणी माझ्या गालिच्यावर ठिबकत होतं. कॉलेजचं दुसरं वर्ष संपत आलेलं. ‘‘प्रोफेसर, ड्राफ्टला नाव राहू देऊ की मागे घेऊ?’’

ओठांवर माझ्या सांगलीचं उत्तर तयार होतं: आधी डिग्री घे, मग काय ते कर. (ते ऐकून मी कथक सोडलं होतं, असो.) ते गिळलं आणि फळ्यावर आकडे मांडले. एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडायची प्रक्रिया, दोन फेऱ्यांचा, जागा साठ. पहिल्या तिसांत नाव आलं तर दोन वर्षांच्या पगाराची हमी. एकतिसाव्याला ती नाही. शिवाय याच साठ जागांवर चार वर्षं पूर्ण केलेले आणि परदेशातले खेळाडूही टपलेले. तो म्हणाला, ‘‘मला पंचवीस ते चाळीसमध्ये धरतात.’’ म्हणजे नेमका उंबरठ्यावर.

अशा मुलांना आपल्याकडची माणसं ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ म्हणतात. पण यातलं हातचं कोणतं? तो मुलगा येण्याच्या दोनच महिने आधी ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचा बूट नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्ध, सामना सुरू होऊन मिनिट व्हायच्या आत फाटला आणि गुडघा मुरगळला. त्या सामन्याची तिकिटं हजारो डॉलरना विकली गेली होती. झायनला कॉलेजकडून मिळत होती ती शिष्यवृत्ती. तो सावरला, जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. सगळेच सावरत नाहीत. डिग्री मात्र वाट पाहते. मायकेल जॉर्डन १९८४मध्ये तीन वर्षांनी कॉलेजातून बाहेर पडला आणि १९८६मध्ये पदवी घेतली. स्टीफन करीनं २००९मध्ये डेव्हिडसन कॉलेज सोडलं, पदवी २०२२मध्ये पूर्ण केली.

या मुलांना शिक्षणाची किंमत नाही, हे मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकलं. पण जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींतून कमावायची मुभा मिळाली. २०२५मध्ये कॉलेजांनी थेट पैसे द्यायलाही सुरुवात केली. २०२१मध्ये कॉलेजमधली मुदत संपण्याआधी ड्राफ्टला नाव देणारे साडेतीनशेहून अधिक होते, २०२५मध्ये ते जेमतेम शंभरावर आले. (२०२१चा आकडा कोविडमुळेही फुगला होता, हे माझ्यातल्या मास्तरणीला सांगावंच लागेल.) तरी कल स्पष्ट आहे. मुलं अभ्यासाला कंटाळून पळत नव्हती, फुकट राबायला कंटाळून पळत होती.

आता थांबतात, म्हणून शिकतात असं मात्र नाही. दरवर्षी जास्त पैसे देणाऱ्या कॉलेजात जायचं, प्रत्येक बदलीत थोडे क्रेडिट गळायचे. शाळा बदलत बदलत बदलीवाल्या तहसीलदाराची पोरं मोठी व्हायची, तसं. कॉलेजांनी खेळाडूला पगार द्यावाच. त्याच करारात, खेळ संपल्यावर कधीही परत येऊन फुकट डिग्री पूर्ण करायचा हक्कही लिहून द्यावा.

त्या मुलानं नाव मागे घेतलं नाही. ड्राफ्टच्या रात्री साठ नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. सहकारी म्हणाले, बघा, चुकला. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवते. घरी आईवर कर्ज होतं, गुडघा आधीच कुरकुरत होता आणि शक्यता त्याला ठाऊक होत्या. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

तो सध्या युरोपात खेळतो. परवा त्याची मेल आली: या उन्हाळ्यात दोन विषय ऑनलाइन घेतोय. डिग्री अजून निम्मी बाकी आहे.