पेटीची भीती

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एक सकाळ अजून विसरता येत नाही. आमच्या नातीचा कोकाटील पक्षी चिंटू पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. दाणा नाही, शीळ नाही. आम्ही ज्या पशुवैद्यांकडे जातो ते कोल्हापूरला. जयसिंगपूरहून मोटारीने तासाभराचा रस्ता. नेण्यासाठी प्रवासाची पेटी, जिला दुकानदार ‘कॅरिअर’ म्हणतात, ती पुढे आणली मात्र, आणि तो मलूल जीव पिंजऱ्याच्या गजांवर धडका देऊ लागला. टॉवेल टाकून त्याला पकडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे गेली. पंखातील एक कोवळे पीस मोडून रक्त आले. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “काका, आजार किरकोळ आहे. पण या पकडापकडीनेच हा अर्धमेला झाला. उद्या आजार मोठा असेल, तेव्हा हे त्याला सोसणार नाही.”

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कोकाटील हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, पोपटांच्या गणातला पक्षी. आपल्याकडचा हिरवा राघू किंवा पहाडी पोपट घरात पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. अनेक घरांत अजूनही याची जाणीव नसते.

परतताना मनात आले की, दोष पक्ष्याचा नव्हे. ती पेटी वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलेली असे. खाली आली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा तिच्यामागून पकडणारा हात आला. पेटी दिसली की संकट येते, हा हिशेब त्याने मांडला. आणि तो बरोबरच होता.

हा पक्षी जेमतेम नव्वद ग्रॅम वजनाचा. निसर्गात तो शिकारी नव्हे, शिकार आहे. वरून झेपावणारा हात त्याला ससाण्यासारखाच भासतो. शिवाय आपल्यासारखे श्वासपटल पक्ष्यांना नसते; छाती मोकळेपणी हलली तरच त्यांचा श्वास चालतो. म्हणून घाबरलेल्या पक्ष्याला मुठीत आवळणे त्याच्या जिवावर बेतू शकते. आजारही तो शेवटपर्यंत लपवतो. म्हणजे आपल्याला कळते तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याच्याशी झटापट करतो.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही जुनी पेटी काढून टाकली व वेगळ्या रंगाची, पुढून उघडणारी नवी आणली. पहिले काही दिवस ती खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात नुसती ठेवली. चिंटूचा तुरा हेच आमचे मापक. तो ताठ उभा राहिला, किंवा डोक्याला चिकटून चपटा झाला व पक्षी फुत्कारू लागला, की पेटी फार जवळ आली असे समजावे आणि ती मागे न्यावी. तो निवांत दाणे टिपू लागला, तरच दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे सरकवावी.

राळ्याचे कणीस हा त्याचा जीव की प्राण. ते आम्ही इतर वेळी बंद केले. मिळेल ते पेटीपाशीच. प्रथम पेटीच्या बाजूला, मग दाराशी, मग उंबऱ्याच्या आत, शेवटी पार मागे. आत जाणे, न जाणे त्याच्या मर्जीवर. तो बाहेर आला तर कोणी अडवायचे नाही. आत तळाशी जुना सुती टॉवेल आणि अगदी खाली, पक्की बसवलेली दांडी. गाडीने ब्रेक लावला तरी तो पडू नये म्हणून.

दार लावणे हा सर्वांत नाजूक टप्पा. आरंभी क्षणभर लावायचे आणि लगेच उघडायचे. मग पाच सेकंद, मग मिनिटभर. एकदा नातीने उत्साहाच्या भरात दार लावले आणि ती खेळायला निघून गेली. तेवढ्यानेच आठवड्याची मेहनत वाया गेली. पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात. पुढे पेटी उचलून घरात फेरी, मग उभ्या गाडीत बसणे, मग चौकापर्यंत जाऊन परत. बहुतेक प्रवास दवाखान्यात न संपता घरीच संपले, हे महत्त्वाचे. रोज दहा मिनिटे, असे सुमारे दोन महिने लागले.

प्रवासात पेटीच्या तीन बाजूंवर पातळ कापड टाकतो. हवा खेळती राहील एवढी चौथी बाजू उघडी. पाण्याची वाटी सांडते, म्हणून काकडीची फोड ठेवतो. पेटीला सीटचा पट्टा बांधतो. बंद गाडीत पक्ष्याला क्षणभरही एकटे सोडत नाही.

मात्र पक्षी खरोखर अत्यवस्थ असेल, तर सवय लागण्याची वाट पाहू नये. खोलीत अंधार करावा, मऊ कापडाने अलगद धरावे, छाती दाबू नये, आणि निघावे.

गेल्या मार्गशीर्षात चिंटू पुन्हा आजारी पडला. नातीने पेटी समोर ठेवली. क्षणभर तुरा उभा राहिला, मग खाली आला. तो हळूहळू चालत आत गेला आणि दांडीवर बसला. कणसाला तोंडही लावले नाही, इतका तो अशक्त होता, तरीही गेला. दीड तासात त्याच्यावर उपचार सुरू झाले. आज तो बरा आहे, आणि हे लिहीत असताना शेजारी शीळ घालतो आहे.

बँकेत असताना मी खातेदारांना नेहमी सांगत असे की, शिल्लक लागते ती अडचणीच्या दिवशी, पण जमा करावी लागते त्याआधी. आपल्या घरी असा पक्षी असेल आणि त्याची पेटी माळ्यावर असेल, तर ती आजच खाली काढावी. पक्षी धडधाकट आहे, तोवरच.