स्लो वाढवून दिला म्हणजे गाडी दुरुस्त झाली का?

माल वाहायला आपल्याकडं जुन्या डिझेल जीपा, पिकअप अजून बऱ्याच आहेत. उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, रेस आपोआप वर-खाली होते. मेकॅनिक काय करतो? स्लोचा स्क्रू पिळतो, रेस वाढवतो, पैसे घेतो. थरथर दबते, बिघाड तसाच राहतो आणि डिझेल फुकट जळतं. ही दुरुस्ती नव्हे, असं माझं स्पष्ट मत. दुसरा आल्या आल्या "पंप खोलावा लागंल" म्हणतो. तीही घाईच.

आधी आवाज ऐका. रेस लाटेसारखी वर-खाली होत असेल तर बहुतेक वेळा डिझेलमध्ये हवा शिरतेय, नाहीतर फिल्टर चोंदलाय. ठेक्यात एकच ठोका चुकत असेल तर एखादा सिलेंडर नीट काम करत नाही.

हवेचं गणित तर आपल्याला कळायलाच पाहिजे, विहिरीवर मोटारी चालवणारी माणसं आपण. सक्शन पाइपाचा जोड सैल झाला तर बाहेर थेंब पडत नाही, पण हवा आत जाते आणि मोटार पाणी ओढत नाही. गाडीतही टाकी खाली, पंप वर. म्हणून "कुठं गळत तर नाही" यावर समाधान मानू नका. रात्रभर उभी गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर चालू होते, ही हवेची खूण. टाकीकडून येणारा रबरी पाइप चिरलाय का, क्लिपा सैल आहेत का, फिल्टरच्या बोल्टाचे तांब्याचे वायसर दबलेत का, बघा. शंका असली तर फिल्टरच्या पुढं तात्पुरता पारदर्शक डिझेल पाइप लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. जोड नीट करून, फिल्टरमधलं पाणी सोडून, हातपंपानं बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा.

ठोका चुकत असेल तर मेकॅनिकला एकेका नोझलच्या पाइपाचं नट जरा सैल करायला सांगा. ज्याच्यानं आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर आजारी. त्याचं नोझल टेस्टरवर बघा, ते चांगलं निघालं तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन. पण हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला. कॉमन रेल असेल तर नटाला हात लावू नका, त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. बीएस 6 च्या आधीच्याही बऱ्याच गाड्या कॉमन रेलच्या आहेत, विचारून घ्या. तिथं स्कॅनरच लावावा लागतो.

एवढं बघूनही फरक नाही पडला, तर मग पंप कॅलिब्रेशनला काढा. आणि बदललेलं जुनं सामान मागून घ्या.